आधी दार, मग काटे: डायनोफ्लॅजेलेट पुटीच्या जीवाश्म जातीचे वर्णन आणि वर्गीकरण

सूक्ष्मदर्शकाखाली एखादा काटेरी गोळा दिसला की नवख्या अभ्यासकाची नजर काट्यांवरच खिळते. ते किती आहेत, केवढे आहेत, टोकाला फुटलेले आहेत की सरळ, हे तो वहीत उतरवू लागतो आणि तासाभराने त्याच्याकडे बारीक तपशिलांची लांबलचक यादी असते. पण हा जीव कोणत्या गणातला, एवढ्या साध्या प्रश्नाचे उत्तर त्या यादीत नसते. डायनोफ्लॅजेलेट पुटीच्या अभ्यासात ही सवय पहिल्याच दिवशी मोडावी लागते. पुटीतून पेशी बाहेर पडताना भिंतीत जे दार उघडते, ज्याला आर्किओपाइल किंवा निर्गमद्वार म्हणतात, ते आधी पाहायचे. काट्यांची पाळी नंतर.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. डायनोफ्लॅजेलेट हे पाण्यात राहणारे, बहुतांशी तरंगणारे एकपेशीय जीव. त्यांची एक कशाभिका, म्हणजे पोहण्यासाठीचा चाबकासारखा तंतू, पेशीभोवतीच्या आडव्या खाचेत असते, ती खाच म्हणजे मेखला. दुसरी पोटाकडच्या उभ्या खाचेतून मागे जाते. त्यांतल्या काही जाती जीवनचक्राच्या एका टप्प्यात जाड भिंतीची पुटी तयार करून तळाच्या गाळात विसावतात. ही भिंत डायनोस्पोरिन नावाच्या चिवट सेंद्रिय द्रव्याची असते, आम्लांना दाद देत नाही आणि म्हणून कोट्यवधी वर्षे टिकते. बहुतेक पुटी २० ते १५० मायक्रोमीटर आकाराच्या असतात. एरेनबर्गने १८३०च्या दशकात क्रिटेशस काळातील चकमकीच्या दगडात अशा काटेरी पुटी पाहिल्या, तेव्हा त्याने त्या झँथिडियम या गोड्या पाण्यातील शैवालाच्या प्रजातीत घातल्या. त्यांचे खरे नाते स्पष्ट व्हायला १९६१ उजाडावे लागले. विल्यम एव्हिट यांनी दाखवून दिले की या काटेरी गोळ्यांच्या भिंतीत पडलेले भोक ही मोडतोड नसून नेमक्या ठिकाणी उघडणारे दार आहे आणि त्याचा आकार डायनोफ्लॅजेलेटच्या कवचपट्टाशी, म्हणजे पेशीच्या कवचाच्या तुकड्याशी, जुळतो. म्हणजे या शाखेचा पायाच त्या दारावर उभा आहे.

शब्दांबद्दल एक खुलासा. वर्तमानपत्रांत ‘प्रजाती’ हा शब्द सर्रास खालच्या श्रेणीसाठी वापरला जातो. या लेखात मात्र मराठी विश्वकोशाच्या रीतीप्रमाणे खालची श्रेणी ती जाती आणि तिच्या वरची ती प्रजाती. स्पिनिफेरायटीस ही प्रजाती, स्पिनिफेरायटीस रॅमोसस ही जाती.

नमुना तयार करताना

चांगल्या वर्णनाची सुरुवात प्रयोगशाळेतल्या मोरीपाशी होते. खडकाचे, शक्यतो गडद रंगाच्या बारीक कणांच्या शेलचे, वाटाण्याएवढे तुकडे करून हायड्रोक्लोरिक आम्लाने कार्बोनेट आणि मग हायड्रोफ्लोरिक आम्लाने सिलिकेट विरघळवतात. हायड्रोफ्लोरिक आम्ल काचेलाही खाते, म्हणून भांडी प्लास्टिकची हवीत. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ते त्वचेतून आत शिरते आणि वेदना कधीकधी उशिरा सुरू होतात. त्यामुळे फ्यूम हूड, योग्य हातमोजे, चेहऱ्यावरचे संरक्षण आणि हाताशी कॅल्शियम ग्लुकोनेटचे जेल यांची सोय असेल तेथेच आणि प्रशिक्षित व्यक्तीच्या देखरेखीखालीच हे काम करावे. उरलेला अवशेष १० किंवा १५ मायक्रोमीटरच्या चाळणीतून गाळावा.

यानंतर नायट्रिक आम्लासारख्या ऑक्सिडीकारकाने अवशेष ‘स्वच्छ’ करण्याचा मोह होतो. तो आवरावा. प्रोटोपेरिडिनियम गटाच्या तपकिरी पुटी ऑक्सिडीकरणात सहज नष्ट होतात, त्यामुळे जे नमुन्यात नव्हते असे आपण लिहितो ते खरे तर आपणच धुऊन टाकलेले असते. अवशेष फारच मळकट असेल तर निम्मा भाग तसाच बाजूला ठेवून उरलेल्या निम्म्यावर प्रयोग करावा आणि दोन्हींची नोंद ठेवावी. भिंत पारदर्शक असेल तर सॅफ्रॅनिनने हलके रंगवल्यास कडा उठून दिसतात. काचपट्टी ग्लिसरीन जेलीत बसवली तर एकेक पुटी सुईने टेकून फिरवता येते. कायमच्या पट्टीसाठी मात्र टिकाऊ माध्यम हवे, कारण वाळलेल्या जेलीत होलोटाइप, म्हणजे जातीचे नाव ज्याला बांधलेले असते तो मूळ नमुना, हरवल्याची उदाहरणे या शाखेत पुरेशी आहेत.

पुटी कशी पडली आहे ते आधी ठरवा

काचपट्टीवर पुटी चपटी होऊन पडलेली असते आणि आपण वरून पाहतो, तेव्हा आपल्याला एकावर एक पडलेल्या दोन भिंती दिसतात. फोकस वर घेतला की वरची बाजू, खाली नेला की खालची बाजू, तीही आतून. नवशिक्यांच्या आकृत्या इथेच उलट्यापालट्या होतात. शंभर पटींच्या तेलभिंगाखाली फोकसचा बारीक स्क्रू हळूहळू फिरवत तीन आकृत्या काढाव्यात: वरचा पृष्ठभाग, मधली कड आणि खालचा पृष्ठभाग. प्रत्येकीवर ‘वरचा फोकस’, ‘मधला फोकस’, ‘खालचा फोकस’ असे लिहून ठेवावे.

पोटाची बाजू उभ्या खाचेवरून ओळखायची. त्यानंतर मेखलेची दोन टोके पाहायची. बहुसंख्य गोनिऑलॅकॉइड (गोनिऑलॅकेल्स गणातील) पुटींत मेखला पोटाकडे नीट जुळत नाही, पेशीच्या डाव्या बाजूचे टोक शीर्षाच्या अधिक जवळ असते. समोर उभ्या माणसाचा डावा हात जसा आपल्या उजवीकडे असतो, तसे पोटाकडून पाहताना हे वरचे टोक आपल्या उजव्या हाताला दिसले पाहिजे. ते डाव्या हाताला दिसत असेल, तर पुटी पाठ वर करून पडली आहे आणि आपण पाठीच्या भिंतीतून आरपार पोट पाहत आहोत. सूक्ष्मदर्शक प्रतिमा उलटी करतो हे खरे, पण तो ती फिरवतो, आरशासारखी पालटत नाही. त्यामुळे डावे-उजवे बिघडत नाही. काही कॅमेऱ्यांची संगणक-प्रणाली मात्र प्रतिमा पालटून साठवते. छापील अक्षराचा कागद भिंगाखाली ठेवून एकदा फोटो घेतला की हा संशय मिटतो.

दार

आता मूळ मुद्दा. तीन काटेरी पुटी शेजारी शेजारी ठेवल्या आहेत असे समजा. पहिली स्पिनिफेरायटीस रॅमोसस, दुसरी हिस्ट्रिकोस्फेरिडियम ट्युबिफेरम, तिसरी ॲपेक्टोडिनियम होमोमॉर्फम. कमी शक्तीच्या भिंगाखाली तिन्ही सारख्याच केसाळ दिसतात. पण पहिलीचे दार पाठीवर, मेखलेच्या लगेच वरच्या रांगेतील तिसरा पट्ट गळून पडल्यामुळे तयार झालेले असते. दुसरीचे शीर्षावरचे सगळे पट्ट एकत्र टोपीसारखे निघालेले असतात आणि उघड्या तोंडाची कड नागमोडी दिसते. तिसरीचे दार शीर्षपट्ट आणि मेखलेवरची रांग यांच्या मधल्या आंतरपट्टांपैकी मधला, चार बाजूंचा पट्ट निघाल्याने पडलेले असते. पहिल्या दोन्ही गोनिऑलॅकेल्स गणातल्या, तिसरी पेरिडिनिएल्स गणातली. काट्यांवरून हा फरक कळायला फार वेळ लागला असता. दारावरून तो पाच मिनिटांत कळतो.

म्हणून वर्णनात दाराबद्दल किमान एवढे आलेच पाहिजे: ते कोठे आहे, किती पट्टांचे आहे, त्याचा आकार व बाजू किती, कोपरे टोकदार की गोलसर, आणि झाकण पूर्ण सुटते की एका कडेने चिकटून राहते. सुटलेले झाकण पुष्कळदा पुटीच्या पोकळीत पडलेले सापडते, म्हणून आत फोकस करून पाहावे. सगळ्याच नमुन्यांत दार उघडलेले नसते. बंद पुटी कितीही देखणी असली तरी ती होलोटाइप म्हणून निवडू नये. आणि अनेक नमुने पाहूनही दार सापडतच नसेल, भिंतीवर पट्टांची खूण नसेल, तर तो डायनोफ्लॅजेलेट आहे असे धरून चालू नये. अशा मूळ नाते अनिश्चित असलेल्या सेंद्रिय भिंतीच्या जीवाश्मांसाठी एव्हिट यांनीच १९६३ मध्ये ‘ॲक्रिटार्क’ हा वेगळा कप्पा केला आहे. तेथे ठेवण्यात कमीपणा नाही.

चार बाजूंच्या त्या आंतरपट्टाकडे आणखी जवळून पाहण्यासारखे आहे. पेरिडिनिएल्स गणातील डिफ्लँड्रिया आणि तिच्या नातलगांत हा मधला पट्ट सहा बाजूंचा असतो आणि तो खालच्या रांगेतील तीन पट्टांना टेकतो. वेत्झेलिएला आणि तिच्या नातलगांत तो चौकोनी असतो आणि खालच्या फक्त एका, चौथ्या पट्टाला टेकतो. दोन बाजू कमी झाल्या एवढ्यानेच उपकुल वेगळे ठरते, आणि ते दिसायला दाराच्या खालच्या कडेवर नेमका फोकस आणावा लागतो. २०१५ मध्ये तर ग्रॅहम विल्यम्स आणि सहकाऱ्यांनी या गटाची फेरमांडणी प्रामुख्याने दाराच्या आकारावरून आणि मापांच्या प्रमाणावरून केली. त्यात ॲपेक्टोडिनियम ऑगस्टम ही सुमारे ५.६ कोटी वर्षांपूर्वीच्या तीव्र तापमानवाढीची खूण म्हणून प्रसिद्ध असलेली जाती ॲक्सिओडिनियम या नव्या प्रजातीत गेली. ही जाती हारलँड यांनी १९७९ मध्ये वर्णन केली होती, आणि तो लेख लखनौ येथे भरलेल्या चौथ्या आंतरराष्ट्रीय परागाणुविज्ञान परिषदेच्या इतिवृत्तात छापला गेला होता, हे आपल्याकडच्या वाचकांना सहसा ठाऊक नसते.

पट्टविन्यास

कोफॉइड यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी सुचवलेली पट्ट मोजण्याची पद्धत आजही चालते. शीर्षापासून खाली रांगेने जायचे आणि प्रत्येक रांगेत पेशीच्या डावीकडून पट्टांना क्रमांक द्यायचे. गोनिऑलॅकॉइड पुटीत सर्वसाधारणपणे ४ शीर्षपट्ट, मेखलेच्या वर ६, मेखलेत ६, मेखलेखाली ६, एक पश्च आंतरपट्ट आणि एकच तळपट्ट असतो. पेरिडिनिऑइड पुटीत ४ शीर्षपट्ट, ३ आंतरपट्ट, मेखलेवर ७, मेखलेखाली ५ आणि तळाशी २ पट्ट असतात. तळाशी एक की दोन, हा घाईच्या वेळचा उपयुक्त प्रश्न आहे. पेरिडिनिऑइड पुटींना अनेकदा तळाशी दोन शिंगे असतात ती याच दोन पट्टांवर.

पुटीवर पट्ट नसतातच, असते ती पट्टांची छाया. कधी ती सीमारेषांवरच्या उंचवट्यांतून दिसते, कधी प्रवर्धांच्या, म्हणजे काट्यांच्या, मांडणीतून आणि कधी फक्त दारातून. जे दिसले नाही ते सूत्रात भरू नये. ‘पट्टविन्यास केवळ निर्गमद्वारावरून अनुमानित’ असे स्पष्ट लिहिणे हे प्रामाणिक वर्णन आहे. ओळखीच्या प्रजातीचे सूत्र उचलून लिहिणे ही नक्कल आहे.

भिंत आणि प्रवर्ध

भिंत एकपदरी आहे की दोनपदरी, आणि दोन पदर कोठे एकमेकांपासून सुटले आहेत, हे मधल्या फोकसला कळते. शिंगांपाशीच सुटले असतील तर तसे, सभोवार सुटले असतील तर तसे लिहावे. पृष्ठभाग गुळगुळीत, कणीदार की जाळीदार, ते शक्य असल्यास इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने तपासावे.

प्रवर्धांबाबत पहिला प्रश्न लांबीचा नव्हे, जागेचा: ते पट्टांच्या कोपऱ्यांवर आहेत, सीमारेषांवर आहेत, पट्टांच्या मधोमध आहेत की पट्टांशी त्यांचा काहीच मेळ नाही? स्पिनिफेरायटीसचे प्रवर्ध मुख्यतः तीन पट्ट जेथे भेटतात त्या कोपऱ्यांवर असतात आणि टोकाला तीन फाट्यांत फुटतात, तर हिस्ट्रिकोस्फेरिडियमचे नळीसारखे प्रवर्ध पट्टांच्या मध्यावर उभे असतात. लांबीवर जाती उभारण्याआधी लिंग्युलोडिनियम मॅकीरोफोरमची गोष्ट आठवावी. या एकाच जातीत प्रवर्धांची लांबी पाण्याच्या क्षारतेनुसार व तापमानानुसार बदलते. काळ्या समुद्रातील कमी खारट पाण्यात ते आखूड असतात. आखूड काट्यांचा नमुना म्हणजे नवी जाती, असे गणित तेथे साफ चुकले असते.

एक नमुना म्हणजे जाती नव्हे

या विषयात मला सर्वांत जास्त खटकते ती घाई. एकच सुंदर पुटी सापडते आणि महिन्याभरात तिला नाव मिळते. किमान २० ते ३० नमुने मोजावेत, प्रत्येकाची देहलांबी, देहरुंदी आणि प्रवर्धांची लांबी वेगवेगळी लिहावी, आणि निकाल किमान, सरासरी, कमाल अशा क्रमाने, नमुन्यांच्या संख्येसह द्यावा. प्रवर्धांसह आणि प्रवर्धांविना अशी दोन्ही मापे द्यावीत. एकाच्या वर्णनात काटे धरून आणि दुसऱ्याच्या वर्णनात काटे सोडून माप दिले असेल तर तुलनाच होत नाही.

हे मोजमाप का हवे, ते ॲपेक्टोडिनियममध्ये उत्तम दिसते. जवळजवळ शिंगेच नसलेल्या, गोलसर होमोमॉर्फमपासून पाच कोपरे स्पष्ट दाखवणाऱ्या क्विंक्वेलॅटमपर्यंत मधल्या रूपांची साखळी मिळते, आणि हारलँड यांनी त्या संपूर्ण गुंत्याचा एकत्रच अभ्यास केला होता. मेघालयातील पॅलिओसीन-इओसीन सीमेलगतच्या थरांतही ॲपेक्टोडिनियमचा सुकाळ नोंदला गेला आहे. असा नमुना हाती आला की रेषा कोठे ओढायची हा निर्णय अभ्यासकाचा असतो, पण मापांचा आलेख काढल्यावर त्यात खरोखर दोन उंचवटे दिसतात की एकच, हे वाचकाला दिसले पाहिजे. नमुने पाच-सातच असतील तर ‘ॲपेक्टोडिनियम, जाती अ’ असे तात्पुरते नाव पुरेसे आहे. अशी अक्षरे पुढच्या अभ्यासकाला त्रास देत नाहीत. उतावळी लॅटिन नावे देतात.

तुलना आणि नाव

आधी कोणी हे वर्णन केले आहे का, हे पाहण्यासाठी लेंटिन आणि विल्यम्स यांनी १९७३ पासून चालवलेली नामसूची आणि तिचेच आजचे संगणकीय रूप असलेले डिनोफ्लॅज-३ वापरावे. सूचीत फक्त नावे व संदर्भ मिळतात. तुलना मूळ वर्णनाशी आणि मूळ होलोटाइपच्या चित्राशीच करायची असते, नंतरच्या कोणा लेखकाने त्याच नावाखाली छापलेल्या फोटोशी नव्हे.

नावांचे नियम वनस्पतींचे. शैवाल, कवक व वनस्पती यांच्या आंतरराष्ट्रीय नामकरणसंहितेनुसार जीवाश्म जातीचे नाव वैध होण्यासाठी होलोटाइप नेमका सांगावा लागतो, तो कोणत्या संस्थेत ठेवला आहे ते लिहावे लागते, त्याचे चित्र द्यावे लागते आणि १९९६ पासून वर्णन किंवा व्यवच्छेदक लक्षणे लॅटिन अथवा इंग्रजीत असावी लागतात. मराठीत कितीही रेखीव वर्णन लिहिले तरी त्यावर नाव उभे राहत नाही, हे या लेखाच्या लेखकाने खेदाने नमूद केलेले बरे. पीएच.डी.च्या प्रबंधात नवे नाव छापून ठेवणेही टाळावे; ते बहुधा प्रकाशित धरले जात नाही, पण इतरांच्या तोंडी मात्र बसते.

ज्येष्ठतेचा नियम किती लांबून पकडतो पाहा. ओ. वेत्झेल यांचे १९३३ मधले हिस्ट्रिकोस्फेरा हे नाव अनेक दशके सर्वांच्या लेखणीत होते. त्याच जीवाश्मांसाठी गिडियन मँटेल, ज्यांनी १८२५ मध्ये इग्वानोडॉन या डायनासोरला नाव दिले तेच मँटेल, १८५० मध्ये स्पिनिफेरायटीस हे नाव देऊन बसले होते. शेवटी जुने नाव परत आले आणि रूळलेले नाव गेले.

लॅटिन लिंगाकडेही लक्ष हवे. डेफ्लांद्र आणि कुकसन यांनी १९५५ मध्ये जी जाती वेत्झेलिएला होमोमॉर्फा म्हणून वर्णन केली, ती ॲपेक्टोडिनियममध्ये आल्यावर होमोमॉर्फम झाली, कारण वेत्झेलिएला स्त्रीलिंगी आणि डिनियमने संपणारी नावे नपुंसकलिंगी. प्रजाती बदलली की मूळ लेखकांची नावे कंसात जातात आणि बदल करणाऱ्यांची कंसाबाहेर येतात.

लिहिताना

व्यवच्छेदक लक्षणे आणि वर्णन हे दोन वेगळे परिच्छेद ठेवावेत. पहिल्यात या जातीला इतरांपासून वेगळे करणारे तेवढेच. दुसऱ्यात जे जे दिसले ते सर्व, दारापासून सुरुवात करून. होमोमॉर्फमची लक्षणे या रीतीने साधारण अशी लिहिता येतील: ‘वेत्झेलिएलॉइड पुटी, निर्गमद्वार आंतरस्थ, एकपट्टी, चौकोनी, देहाची बाह्यरेषा गोलसर ते दबक्या पंचकोनाची, शिंगे नसलेली किंवा जेमतेम सूचित, प्रवर्ध पुष्कळ, बारीक.’ एवढ्यात शेजारच्या जातींपासून फरक कळतो. भिंतीवरची कणी, मापे, झाकणाची स्थिती हे सगळे वर्णनात.

त्यानंतर वर्गीकरण: गण, कुल, उपकुल, प्रजाती. फेन्सम आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये जिवंत व जीवाश्म डायनोफ्लॅजेलेटांची जी एकत्रित मांडणी केली, ती आजही बहुतेकांचा आधार आहे. एक गोंधळ मात्र मनात ठेवू नये. पुटीला आणि तिच्यातून बाहेर पडणाऱ्या पोहत्या पेशीला दोन नावे असू शकतात. लिंग्युलोडिनियम मॅकीरोफोरम ही पुटी, लिंग्युलोडिनियम पॉलिएड्रा ही पोहती पेशी. जिवंत नाते सिद्ध झाले म्हणून जीवाश्माचे नाव आपोआप खोडले जात नाही.

शेवटी होलोटाइप. काचपट्टीवर त्याच्याभोवती हिरकणीच्या टोकाने बारीक वर्तुळ काढावे, इंग्लंड फाइंडरचा, म्हणजे जागा दाखवणाऱ्या चौकटी आखलेल्या काचपट्टीचा, निर्देशांक लिहावा आणि तो दुसऱ्याच सूक्ष्मदर्शकावर, दुसऱ्या माणसाकडून, फक्त त्या निर्देशांकावरून शोधून घ्यावा. त्याला तो सापडला नाही, तर हस्तलिखित अजून पाठवू नये.